राबाची माती

आबा, आज आपल्या शेताची माती माझ्या टेबलावर आली. दादाने स्वतः आणून दिली. मी सांगितलं होतं तशीच. नागमोडी चालत, जागोजागी खड्डे घेऊन, एकत्र कालवून, सावलीत वाळवून. यंदा लोंब्या पोचट निघाल्या तेव्हा कुठे तो वळला. तुमच्या मुलाने माझं ऐकलं, तुम्ही गेल्यावर का होईना.

तुम्ही आणलेली पिशवी मला अजून दिसते. मी इथे माती तपासायच्या कामाला नुकतीच लागले होते. माणगावच्या बाजाराला आलात आणि पिशवी माझ्यापुढे ठेवलीत. मी हरखलेच. उघडली तर माती काळी, भुसभुशीत, आत कोळशाचे बारीक कण. भाताची रोपं टाकायला दर उन्हाळ्यात आपण शेण नि पालापाचोळा जाळतो ना, त्या राबाच्या कोपऱ्यातली ती माती. पाहुण्यांपुढे घरातली धड कपबशी काढावी तशी तुम्ही ती निवडून आणली होती. मी म्हटलं, "आबा, ही राबातली आहे. राखेमुळे पालाश, म्हणजे पोटॅश, भरपूर दिसेल. मधल्या शेतातली आणा." खोलीत माझे साहेब होते, बाहेरचे शेतकरी होते. तुम्ही हसत म्हणालात, "जल्म चिखलात गेला माजा, नि तू मला माती शिकवतेस व्हय? उद्या लगीन होऊन जाशील. शेताचं काय ते तुजा भाव बघंल." सगळे हसले. मी मान खाली घालून तीच माती चाळायला घेतली.

पालाशचं प्रमाण भरपूर आलं. ते तुम्ही गावभर सांगितलंत आणि शेताला पालाश घालणं बंद केलंत. पुढे दरवर्षी भाताची खालची पानं शेंड्याकडून, कडेकडेने करपत गेली. मी गणपतीला घरी यायचे, बांधावरून एक पान तोडून तुमच्यापुढे धरायचे. तुम्ही बघायचाही नाहीत. "खारा वारा लागलाय, दुसरा काय न्हाय," म्हणायचात आणि आईला चहा टाकायला सांगायचात. पुढे दादाही तेच म्हणायला लागला. वाऱ्यावर तुमचा विश्वास होता, माझ्यावर नव्हता. मला ते शेत करायचं होतं, पण तुम्ही कधी विचारलंतच नाही.

आज पालाश कमी निघालं, फारच कमी. मी तपासणी पुन्हा केली. दादाला फोनवर सांगितलं की खात्री करून घेतली. खात्री पहिल्याच वेळी झाली होती, आबा. तुम्ही चुकलात, हे मला आणखी एकदा बघायचं होतं. हे कुठे धाडायचं नाही म्हणून लिहिते. आपल्याच मातीत काही उरलं नाही हे वाचून मला बरं वाटलं, आणि ते सांगायला तुमच्याशिवाय मला कोणी सुचलं नाही.