नियम क्रमांक सात आणि निळी गाडी

प्रिय ताई,

वाकून नमस्कार. (पाठ धरली आहे, म्हणून या खेपेला मनातल्या मनात वाकलो आहे, पोचला असं समज.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींना नवीन कानयंत्र मानवलं का, की अजूनही तू बोलायला लागलीस की ते काढून खिशात ठेवतात? इकडे आम्ही दोघंही बरे आहोत. म्हणजे मी बरा आहे, आणि तुझी भावजय मला हसून हसून माझ्यापेक्षा बरी आहे. का ते सविस्तर लिहितो.

आमच्या इमारतीत बिऱ्हाडं अठरा आणि गाड्यांना जागा बारा. मागच्या सभेत त्यावरून इतकी हमरीतुमरी झाली की मला डुलकी लागली. डुलकीत मान पुढे पडली, ती होकारार्थी धरली गेली, आणि जागा झालो तेव्हा मी पार्किंगप्रमुख होतो. तू म्हणशील, नाही म्हणायचं होतंस. पण ताई, पस्तीस वर्षं जलखात्यात नळांचे नकाशे काढलेल्या माणसाच्या हातात कुणी आपणहून पांढरा रंग, दोरी आणि मोजपट्टी दिली, तर तो नाही कसा म्हणेल? आठ दिवस उकिडवा बसून पट्टे आखले (पाठीचं मूळ तिथेच आहे) आणि अकरा नियम लिहून जिन्याखाली लावले. गाडीचं तोंड भिंतीकडे हवं, पाहुण्यांची गाडी दोन तासांच्या वर नको, असे. सगळ्यांनी न वाचता एकमताने मंजूर केले. तेव्हापासून इमारतीतली पोरं मला फूटपट्टीकाका म्हणतात, आणि मोठी माणसं त्यातलं 'काका' गाळून.

न वाचणाऱ्यांत एक अपवाद निघाला, तिसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. त्यांच्या गाड्या दोन आणि जागा एक. त्यांनी बरोबर नियम क्रमांक सात हुडकला: जी गाडी तीस दिवसांत जागची हलणार नाही, ती बेवारस समजून फाटकाबाहेर काढण्यात येईल. आणि दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंची निळी गाडी दोन वर्षांत हललेली नाही. बाईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. ते गेले तेव्हापासून ती तशीच उभी. बाई रोज दुपारी चारला थर्मास घेऊन खाली येतात, गाडीत बसून चहा पितात आणि वर जातात. हे सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही. पण खरं सांगतो, नियम लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे नुसत्या गाड्या होत्या, माणूस एकही नव्हता. डॉक्टर म्हणाले, "नियम तुमचाच आहे. मी आपली आठवण करून दिली." (दात काढताना ते याच आवाजात 'दुखणार नाही' म्हणतात.)

नोटीस घेऊन मी चारच्या ठोक्याला गेलो. बाई चालकाशेजारच्या जागेवर बसल्या होत्या. त्यांनी आतूनच पलीकडचं दार उघडलं, तेव्हा मी निमूट स्टिअरिंगपुढे बसलो. त्यांनी नोटीस दोनदा वाचली, 'बेवारस' या शब्दावर क्षणभर बोट ठेवलं, आणि थर्मासच्या झाकणात मला चहा ओतला. म्हणाल्या, "एकतीस वर्षं मी याच बाजूला बसले. गाडी शिकते म्हटलं की हे म्हणायचे, कुठे जायचं ते सांग, मी आहे ना. आता ते नाहीत. जायची ठिकाणं मात्र आहेत तिथेच आहेत." मी म्हटलं, नियमात गाडी हलली पाहिजे एवढंच आहे, किती ते कुठे लिहिलंय? महिन्यातून एकदा मी हातभर पुढेमागे करीन, म्हणजे डॉक्टरांचं तोंड बंद. त्या म्हणाल्या, "तुम्ही कशाला? मीच हलवीन. शिकवा."

मेकॅनिकने नवी बॅटरी टाकली, बाईंनी शिकाऊ परवाना काढला, आणि आवार रिकामं झालं की सकाळी अकराला आमची शिकवणी सुरू झाली. सगळ्या गॅलऱ्या भरायच्या. तुझी भावजय तर खुर्ची टाकून बसायची. (तिला शिकवताना तिसऱ्या दिवशी मी भर रस्त्यात उतरून पायी घरी आलो होतो, हे ती तेवढ्यात शेजारणींना सांगून घ्यायची.) बाई क्लच सोडताना डोळे मिटायच्या. गाडी इतकी हळू चालवायच्या की वॉचमन खिडकीशी गप्पा मारत बरोबर चालायचा. मी ओरडायचो, असा एक प्रवाद आहे. मी फक्त स्पष्ट बोलत होतो.

अठराव्या दिवशी निळी गाडी जाऊन माझ्याच पांढऱ्या गाडीवर आदळली. दिवा फुटला, दार चेपलं. बाई उतरल्या आणि सगळ्या गॅलऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "चूक माझी." वरून डॉक्टरांचा आवाज आला, "नियम नऊ." फुटक्या दिव्याची गाडी दुरुस्त होईपर्यंत आवारात लावायची नाही, हाही मीच लिहिलेला. गॅरेजवाला म्हणतो, इतक्या जुन्या गाडीचा दिवा यायला सहा आठवडे लागतील. माझ्या जागेत आता डॉक्टरांची दुसरी गाडी उभी असते, तोंड भिंतीकडे करून.

मी शिकवणी सोडणार होतो. बाई म्हणाल्या, "उद्या अकराला या." काल त्या परीक्षा पहिल्याच फेरीत पास झाल्या. तिथून एकट्या आल्या, फाटकातून सावकाश आत शिरल्या आणि गाडी जागेवर लावून वर गेल्या. मी खाली जाऊन मोजलं. दोन्ही रेघांपासून अंतर सारखं होतं.

भावजींना नमस्कार, यंत्र कानात असताना सांग.

तुझा धाकटा

ता. क. – पत्र खुशालीचंच आहे, पण लिहितोच आहे तर विचारतो. तुमच्या फाटकाच्या आत, भावजींच्या गुलाबांशेजारी, सहा आठवडे एक पांढरी गाडी मावेल का? मापं वेगळ्या कागदावर जोडली आहेत. गुलाबाची फक्त एक कुंडी हलवावी लागेल. फार तर चार.

आणखी एक. वर मी कुठेही खोटं लिहिलेलं नाही, पण अठराव्या दिवशी गाडी कोण चालवत होतं तेही लिहिलेलं नाही. रेघेवर गाडी कशी थांबवायची हे दाखवायला मीच स्टिअरिंगवर बसलो होतो. मी तोंड उघडायच्या आत बाई उतरून बोलून गेल्या. नंतर म्हणाल्या, शिकणाऱ्याची चूक लोक विसरतात, शिकवणाऱ्याची नाही. बारा दिवस मी गप्प आहे.

शेवटचं. हे पत्र तुझ्या भावजयीने वाचलं. ती म्हणते, बाई कुठल्या दारातून उतरल्या हे गॅलऱ्यांतून सगळ्यांना दिसलं होतं, डॉक्टरांनासुद्धा, आणि मी स्वतः केव्हा सांगतो यावर इमारतीत पैजा लागल्या आहेत. तेव्हा उद्या जिन्याखाली माफीची चिठ्ठी लावतो. गाडी रविवारी दिवसाउजेडी घेऊन येतो. चालवणार बाई आहेत. वाटेत मी एक शब्दही बोलायचा नाही, अशी त्यांची अट आहे, आणि तुझ्या भावजयीने ती माझ्याकडून लेखी घेतली आहे.