त्यांनी खाल्लं का?

प्रिय खारूताई,

हे नाव लेकीनं ठेवलेलं, तू खिशात बिस्किटं घेऊन फिरतेस म्हणून. ती गेल्यावर तशी हाक मारायला जीभ रेटत नाही, पण दुसरं नाव माझ्या तोंडात बसलेलं नाही.

परवा तुमच्या प्रयोगशाळेतून तिचा कोट आणि कान तुटलेला कप घेऊन आलो. तू रजेवर होतीस. कोट खुंटीवर आहे, तिची आई धुऊ देत नाही. ही दिवसभर काही खात नाही. संध्याकाळी तुला फोन लावते, लेकीच्या पेशींनी खाल्लं का विचारते, तू हो म्हणतेस, मग दोन घास घेते. पूर्वी हीच टोमणे मारायची, की पोरीला आईबापापेक्षा बशीतल्या पेशींच्या जेवणाची काळजी जास्त.

लेकीनं एकदा हातमोजा उलटा करून मला समजावलं होतं. पेशी मरायला टेकली की तिच्या आवरणातली आतली चरबी बाहेरच्या बाजूला येते. ती खूण दिसली की सफाई करणाऱ्या पेशी येऊन तिला खाऊन टाकतात. पण नुसती दुखावलेली पेशीही कधी तीच खूण दाखवते आणि जिवंतपणी खाल्ली जाते. चरबी बाहेर आणणाऱ्या प्रथिनाला रोखेल असं रसायन ती शोधत होती. मी विचारलं, खूण थांबली म्हणजे पेशी वाचली ना? ती म्हणाली, "नाही हो बाबा. नुसता वेळ मिळतो. सावरली तर सावरली."

तुमच्या सरांनी चहा दिला. बोलता बोलता म्हणाले, रसायन धडधाकट पेशींनाही मारत होतं, ते काम बंद केलं. पेशींना तर गेल्या महिन्यातच बुरशी लागली, सगळ्या टाकून द्याव्या लागल्या. मला माहीत असेल असं त्यांना वाटलं. मी मान डोलावली. तिचं म्हणून जिवंत तेवढंच उरलं होतं.

घरी आलो तर ही दारातच उभी. "बघितल्यास?" मी हो म्हणालो.

तेव्हा आता आपण एका माळेचे मणी. तुझ्यावर राग नाही, पोरी. पण सोमवारी ती स्वतः बघायला येणार आहे, माझं ऐकत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली कुणाच्याही पेशी ठेव. तिला ओळखू येणार नाहीत, मलाही आल्या नसत्या. त्यानं ती सावरेल असं मला वाटत नाही. माझं तर विचारूच नकोस. तरी संध्याकाळी फोन उचलत जा.

तुझाच,
काका