आमच्या घरी कोणी मेलेले नाही

॥ श्री ॥
पवनी, मार्गशीर्ष

तीर्थरूप कुंदनभाऊजी यांच्या चरणी सेवकरामचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सर्व सुखरूप आहोत (हे वाक्य पत्रात लिहावेच लागते, त्याकडे फार लक्ष देऊ नये). माझी थोरली बहीण ललिताबाई, म्हणजे तुमचे कुटुंब, तिचा खोकला थांबला का? खाणीतून निवृत्त झाल्यावर नाकाडोंगरीला तुमचा वेळ कसा जातो? आणि मुख्य म्हणजे गुडघा काय म्हणतो? दर महिन्याला नागपूरचे डॉक्टर, एवढ्या गोळ्या, आणि वरातीत नाचताना तो कधी दुखला नाही, याचे मला नेहमी कौतुक वाटत आले आहे.

पत्राचे कारण एवढेच, की आमच्या घरी कोणी मेलेले नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण कोंढ्याच्या आनंदाबाई आत्या तुमसरला लग्नाला जाणार आहेत, आणि त्या तिथे पोचल्या की तुमच्याकडे काय बातमी येईल याचा नेम नाही. फोनच केला असता, पण चौकातल्या एसटीडी बूथवर धनीराम बसतो आणि काच लावली तरी तो ओठ बघून समजतो.

तुम्ही खाणीकडचे, म्हणून खुलासा करतो. आमच्या कोष्ट्यांच्या गल्लीत कोणी घड्याळ बघत नाही, कान देतात. कोणाचा माग कधी सुरू झाला, कोण कधी जेवायला उठला, सगळे भिंतीतून कळते. माग बंद राहतो तो फक्त सुतकात. अंगात ताप असला तरी माणूस वीतभर विणून मगच निजतो. त्यामुळे दिवाळीनंतर माझा माग बंद पडला आणि बंदच राहिला, तेव्हा गल्लीने आपल्या परीने बरोबर अर्थ लावला. चूक असलीच तर माझी, की मी जिवंत होतो.

झाले काहीच नव्हते, हीच तर अडचण. सूत होते, ताणा लावलेला होता, व्यापाऱ्याची आमसुली काठाच्या साड्यांची मागणी होती. एका सकाळी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलो, धोटा हातात घेतला, आणि तो पलीकडे कशासाठी फेकायचा हेच कळेना. कसा फेकायचा ते हातांना ठाऊक होते (हात माझ्यापेक्षा हुशार आहेत), पण कशासाठी, ते नाही. दुसऱ्या दिवशी तेच. मग बसणेच सोडले आणि खाटेवर पडून भिंत बघू लागलो. कोंबड्याच्या आधी जाग येते आणि डोळे उघडताच वाटते, आला आणखी एक दिवस. रंग धुवून काढल्यासारखे दिसतात. कौशल्येने मला आवडतात म्हणून लाखोळीच्या डाळीचे वडे केले, मी दोन खाल्ले, आणि ते कशाचे होते हे तिला संध्याकाळी सांगावे लागले. तिने उरलेले वडे झाकून ठेवले.

पहिल्यांदा शेजारच्या निर्मलाबाई आल्या. डोक्यावर पदर, हातात वरण-भाताचा डबा (सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून). आपल्याकडे अशा वेळी आलेल्याने विचारायचे नसते आणि घरच्याने सांगायचे नसते, नुसते बसायचे. त्या बसल्या, मी बसलो. खरे सांगतो भाऊजी, महिन्याभरात तेवढाच वेळ मला बरे वाटले, कारण मी दुःखात आहे हे कोणीतरी पुरावा न मागता मान्य केले होते. पण तेवढ्यात कौशल्या बाजारातून नवा हिरवा चुडा भरून आली. सुतकाच्या घरात नव्या बांगड्या बघून बाई ताडकन उठल्या. डबा मात्र त्यांनी परत नेला नाही, हा त्यांचा मोठेपणा.

आत्यांनी दहाव्याचा अंदाज बांधून कोंढ्याहून यायचे केले. गेले कोण, हे निरोप देणाऱ्याने सांगितले नव्हते, पण त्यावाचून आत्यांचे अडत नाही. गल्लीच्या तोंडाशीच गळा काढला आणि नावाची जागा मोकळी ठेवून “सोन्यासारखं मानूस व माय” एवढ्यावर निभावत आल्या. आत मी दिसलो, म्हणून त्या कौशल्येसाठी रडू लागल्या. कौशल्या पाणी घेऊन आली, म्हणून आमच्या पोरीसाठी, करुणासाठी. आणि करुणा मागच्या दाराने आली तेव्हा रडणे थांबवून रागावल्या. “सारे जित्ते हायेत, मंग माग काहून बंद ठेवला रे?” मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि मलाच रडू फुटले. कसे थांबवायचे ते कळेना. आत्या जवळ सरकल्या. “काय झालं बापू?” मी म्हटले, “काहीच नाही झालं आत्या. मले जगून राहिलो असं वाटतच नाही.” मग म्हणाल्या, “मयतीचं रडणं मले येते. याचं कसं रडावं, ते कोणी शिकवलं नाही मले.” आणि तरीही माझ्याबरोबर रडल्या, मग जेवून दुपारच्या बसने गेल्या.

तेव्हापासून उपाय सुरू झाले. मेडिकलवाल्या ईश्वरने ताकदीची बाटली दिली. तिने भूक वाढते म्हणे, पण जेवायची की जगायची ते बाटलीवर लिहिलेले नाही. धनीरामच्या मते ही बाहेरची बाधा, निर्मलाबाईंच्या मते आळस, आणि चुलत्यांच्या मते मला कशाचीच कमी नाही म्हणून असे होते. (जिल्हा फुटला तेव्हा निम्मे नातेवाईक गोंदियात गेले, तरी भंडाऱ्यातले सल्ला द्यायला पुरून उरतात.) मी सगळ्यांचे मान्य केले, कारण भांडायला जोर लागतो. रोज नदीवर फिरून ये, असेही सगळे सांगतात. कौशल्या मात्र मला वैनगंगेकडे एकट्याला जाऊ देत नाही. का, ते मी तिला विचारत नाही, आणि मी विचारत नाही म्हणून ती दाराला आडवे अंथरूण घालून निजते.

करुणा भंडाऱ्याला नर्सिंग शिकते, तिने मात्र वेगळेच काढले. “बाबा, हा आजार हाय. साखरेचा असते, बीपीचा असते, तसाच. तुमचा दोष नाही यात. याचे डॉक्टर हायेत, गोळ्या हायेत.” मी म्हटले, ते वेड्यांचे डॉक्टर, उद्या तुले पाहाले येणारे म्हणतीन, वेड्याची पोरगी. ती म्हणाली, “म्हणू द्या. मले बाप पाहिजे.” यावर मी कूस बदलली.

असो. आता चांगली बातमी. गेल्या सोमवारपासून आमचा माग पुन्हा चालू आहे. काठ जरा वाकडा येतो, पण आवाज अगदी सरळ आहे. गल्ली निश्चिंत झाली, वरण-भाताचे डबे बंद झाले. तेव्हा आत्यांनी काहीही सांगितले तरी तुम्ही येण्याची तसदी घेऊ नये. थंडीचे दिवस, गुडघ्याला त्रास होईल. ललिताबाईस नमस्कार सांगावा.

तुमचा आज्ञाधारक मेहुणा,
सेवकराम

ता. क. येऊ नका असे लिहिले ते पत्राची रीत म्हणून. जमले तर या. करुणाने मंगळवारी भंडाऱ्याच्या डॉक्टरांकडे माझे नाव लावले आहे. मी हो म्हटले, कारण नाही म्हणायलाही दम लागतो. मागेही एकदा नाव लावले होते, पण तेव्हा मी बस स्टँडवरून परत आलो.

दुसरा ता. क. रागावू नका, पण तुमच्या गोळ्या गुडघ्याच्या नाहीत हे मला ठाऊक आहे. ललिताबाईने कौशल्येला सांगितले, कौशल्येने मला, आणि पुढे ते कुठे गेलेले नाही (धनीरामलाही माहीत नाही, यावरून ओळखा). इतकी वर्षे तुम्ही नागपूरला जाऊन आलात आणि येऊन पंगतीत वाढलेत, पोरांवर ओरडलात, माझ्या साड्यांच्या काठांना नावे ठेवलीत. म्हणजे यातून माणूस परत येतो. मला एवढेच सांगा, की पहिल्या दिवशी तुम्ही बसमध्ये चढलात कसे. नाहीतर सांगू नका, नुसते शेजारी बसा. कोणी विचारलेच तर आपण दोघे गुडघे दाखवायला चाललो आहोत.

शेवटचा ता. क. गल्लीत शिरलात की आमच्या घरातून खटखट ऐकू येईल. ती ऐकून, सेवकराम बरा झाला असे समजून कोपऱ्यावरून परत फिरू नका. मागावर कौशल्या बसते. मी खाटेवरच आहे.