वाळवंटासाठी दोन जुने टायर

पंचवटी, नाशिक
दसऱ्यानंतरचा शनिवार, २००३

तीर्थरूप जयराममामांस,

रविराजचा साष्टांग नमस्कार. (तुमचे पाय मनमाडला, म्हणून इथूनच, खाटेवर बसून.) गुडघा कसा आहे? मामींचं पथ्य चालू असेल, म्हणजे तुम्ही शेव चोरून खात असाल. इकडे आई सोडून सगळे मजेत. ती माझ्या काळजीत आहे, पण त्याची तिला सवय आहे.

तर मी आणि धनराज (तोच, जो तुमच्या अंगणात गाडी थांबवायला आला आणि तुळशीवृंदावनात थांबला) डिसेंबरात मोटारसायकलवर जैसलमेरला निघतोय. वाळूत गाडी हाणायची, तंबू ठोकायचा, खिचडी शिजवायची. आई म्हणाली, "जयराम हो म्हणाला तर जा, मला विचारू नको." म्हणजे आमचं अख्खं वाळवंट तुमच्या एका शब्दावर अडलंय.

तयारी जोरात आहे. तंबू शेडनेटचा शिवलाय. आत झोपलं की आकाश दिसतं आणि बाहेरून धनराज दिसतो. (शिंप्याचा किस्सा मोठा आहे, भेटीत सांगेन.) वाळूला खोल नक्षीचे टायर लागतात. तसे दोन जुने एके ठिकाणी सात-आठ वर्षं उन्हात पडलेले सापडले. एवढं ऊन खाल्लंय तर वाळवंटाला सरावले असतील, असा माझा अंदाज. पेठ रोडच्या बारकू पंक्चरवाल्याने टायर वाकवला, तड्यांत नख घातलं आणि म्हणाला, "भाऊ, ह्यो टायर नाय, पापड हाय. तळायचा का भाजायचा, तेवढं सांग."

तरी बसवलेच. चाचणीला दारणेच्या पात्रातली वाळू गाठली. तिथे धुणं धूत असलेल्या तानुबाईंनी विचारलं, "कुठं चालला रं?" म्हटलं, "राजस्थानला." त्या म्हणाल्या, "मंग नदीत कशाला शिरला?" तेवढ्यात पुढचा टायर असा फुटला की बगळे उडाले, मी वाळूत आणि धनराज तानुबाईंच्या धुण्यात.

एवढं सोडलं तर मोहीम अगदी पक्की आहे. चौकातल्या मंडळाने आमचा सत्कारही उरकला: नारळ, टोपी, टॉवेल. फळ्यावर "वाळवंटवीरांस शुभेच्छा" लिहिलंय. धनराजने भाषणात उंटांनाही आश्वासनं दिली. तेव्हा होकार कळवावा.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
रविराज

ता. क. ते टायर तुमच्या इकडच्या मळ्यातल्या कांदाचाळीवर पत्रे उडू नयेत म्हणून ठेवलेले होते, तेच. मंगळवारच्या वाऱ्यात एक पत्रा शेजारच्या द्राक्षबागेत जाऊन बसला. परत आणून ठोकला, वर दोन्ही टायरही ठेवले. (फुटलेला असला तरी वजनाला तेवढाच.) कांदे कोरडे आहेत, वरचा थर सोडून.

आणखी ता. क. मामा, खरं सांगतो, टायर फुटल्यापासून कुणी जैसलमेरचं नाव काढलं की मी विषय बदलतो. पण नारळ घेतल्यावर माघार कशी घेणार? पत्र्यावरून मनसोक्त चिडा आणि आईला साफ "नाही" कळवा. पाकीट नको, पोस्टकार्डच टाका. आमची कार्डं धनराज आमच्याआधी वाचतो. कालपासून त्याने मला तीनदा विचारलंय, "मामा नाहीच म्हणतील, नाय का रे?" तेव्हा अक्षर जरा मोठं काढा.