शेवट सांगून मिळेल

मंगळवार, ४ मार्च

बदली झाली. संदर्भ विभागातून थेट दारात! अंतर फार नाही, एक जिना उतरायचा. पण इतकी वर्षं कोशांच्या सहवासात काढलेला माणूस आता छत्र्यांच्या स्टँडशेजारी बसतो. टेबलावर पाटी: ‘काय वाचू? विचारा.’

ग्रंथपालबाई (वयाने पुतणीएवढ्या, हुद्द्याने साहेब) म्हणाल्या, वाचक येतात, कपाटापुढे घुटमळतात आणि वाचलेलंच पुस्तक पुन्हा घेऊन जातात. त्यांना रहस्यकथा, भयकथा, प्रेमकथा, विज्ञानकथा सुचवायच्या. “तुमचं वाचन दांडगं आहे ना.” आहे. पण त्यातलं सगळ्यात ताजं पुस्तक हजारएक वर्षांपूर्वीचं आहे, हे सांगायचं राहून गेलं.

घरी हिला सांगितलं. ही रहस्यकथांची परमभक्त. हसता हसता ठसका लागला. मग गळ्यावर हात ठेवला. म्हणाली, इथे गाठ लागते आहे. वाटाण्याएवढी. बरेच दिवस.

बुधवार, ५ मार्च

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुईने तपासून घेऊ, उगाच शंका नको. आम्ही दोघांनी शहाण्यासारख्या माना डोलावल्या. बाहेर आल्यावर ही म्हणाली, हातातलं पुस्तक संपू दे, मग बघू.

काहीतरी बोलायचं म्हणून मी सांगितलं, ग्रंथ आणि ग्रंथी एकाच धातूचे. ग्रंथी म्हणजे गाठ.

“म्हणजे तुम्ही ग्रंथपाल, मी ग्रंथिपाल,” ही म्हणाली. “जोडा जमला.”

विनोद माझ्यापेक्षा सरस होता.

शनिवार, ८ मार्च

कपाटांना शिस्त लावली. प्रेमकथांवर ‘शृंगार’, भुताखेतांवर ‘भयानक’, परग्रहावरच्या मंडळींवर ‘अद्भुत’. टेबलावर मोठ्या अक्षरांत: ‘आज कोणता रस घ्याल?’

पलीकडच्या गल्लीतल्या शिंपीणबाई पहिल्या आल्या. पाटी वाचली, पदराने घाम पुसला. “कोणताही चालेल. बर्फ तेवढा नको.”

‘शांत’ लिहिलेल्या कपाटाला टेकून एक गृहस्थ दुपारभर झोपले. नाव सार्थ झालं म्हणायचं.

मंगळवार, ११ मार्च

आज अनर्थ. वजनमाप खात्यातले निवृत्त निरीक्षक आले. रहस्यकथा हवी होती. मी रविवारी तयारी म्हणून एक वाचून काढली होती, तीच पुढे केली. म्हटलं, “अवश्य न्या. खून पुतण्याने केला आहे, पण काय देखणा केला आहे!”

त्यांनी पुस्तक खाली ठेवलं. हलकेच, स्फोटक ठेवावं तसं.

मी समजूत घातली. संस्कृत नाटकाला येणाऱ्याला गोष्ट घरूनच ठाऊक असते. गोडी काय झालं यात नसते, कसं झालं यात असते. निरीक्षकांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, “जन्मभर दुकानदारांची मापं तपासली. असं तोंडावर माप मारणारा पहिलाच भेटला.”

तक्रार वर गेली. आणखीही दोन गेल्या. (‘माळ्याने’ आणि ‘जुळा भाऊ होता’.) ग्रंथपालबाईंनी बोलावून विचारलं, तुम्ही हे मुद्दाम करता का? म्हटलं, नाही, अभ्यासाने.

हिला सांगितलं तर म्हणाली, “इतकी वर्षं पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालते ते काय हौस म्हणून?” मला वाटायचं, पुस्तकाची काळजी. तर ती माझ्यापासून घेतलेली काळजी होती!

बुधवार, १२ मार्च

हिच्या पुस्तकात खुणेला बसचं तिकीट असतं. ते काल होतं त्याच पानावर आहे. परवाही तिथंच होतं. एरवी ही दोन दिवसांत खुन्यापर्यंत पोचते.

शनिवार, १५ मार्च

शिंपीणबाई पुन्हा आल्या. एक प्रेमकथा उलटसुलट करून पाहिली, आवाज उतरवला. “शेवटी दोघं एकत्र येतात ना? तेवढं सांगा, मग नेते.”

मी इकडेतिकडे पाहिलं. ग्रंथपालबाई दिसत नव्हत्या. म्हटलं, येतात. मधे गैरसमज होतो, तिचा मामा आडवा येतो, पण येतात.

बाईंचा चेहरा उजळला. म्हणाल्या, दिवसभर डोक्यात लोकांचे अर्धवट कपडे असतात, निदान गोष्टीत तरी माहीत असावं की शिवण उसवणार नाही. तीन पुस्तकं नेली. दुपारी त्यांच्या दोन मैत्रिणी आल्या. मग इस्पितळातली एक नर्स. तिची अट वेगळी: भुताची गोष्ट हवी, पण भूत शेवटी जातं की राहतं ते आधी कळलं पाहिजे, कारण तिला एकटीने घरी जायचं असतं.

आणि मी बिनधास्त सांगत सुटलो! ग्रंथपालबाई मागे येऊन उभ्या होत्या ते कळलंच नाही. रांग पाहून बोलणं गिळलं असावं. तासाभराने टेबलावर दोन पाट्या. डावीकडे ‘शेवट सांगून मिळेल’, उजवीकडे ‘शेवट न सांगता मिळेल’.

निरीक्षक उजवीकडे आले. मी तोंड उघडण्याआधी दोन्ही कानांत बोटं घातली. पुस्तक काखेत धरून गेले.

मंगळवार, १८ मार्च

अख्ख्या गावाला शेवट सांगतो. घरी विषय काढायची छाती होत नाही.

आज काढला. पुस्तक संपत नाही, की तू संपवत नाहीस? ही भाजी निवडत होती. हात थांबले नाहीत. म्हणाली, “मधल्या पानावर बरं असतं हो. खुनी कुणीही असू शकतो. मुळात खून झालाच नसेल, असंही असू शकतं.”

मी म्हणणार होतो, चल, उद्याच जाऊ. जीभ रेटेना. तेव्हा ध्यानात आलं की हिची वाट अडवून बसलेला मीच आहे. शेवटचं पान आधी उघडणारा मी, आणि या एका पुस्तकाचं उघडायची हिंमत नाही.

तिला कळलंच. तिला सगळं कळतं, खुनी सोडून. “शास्त्रीबुवा, तुमच्या त्या नाटकांत दुःखाचा शेवट नसतो ना?”

म्हटलं, सहसा नसतो. संकेतच आहे तसा.

“मग चला.”

बुधवार, १९ मार्च

सुई टोचली. तिला. ओरडलो मी.

निकाल सोमवारी.

रविवार, २३ मार्च

आमटीत मीठ दोनदा पडलं. एकदा तिच्याकडून, एकदा माझ्याकडून. दोघांनीही वाटीभर खाल्ली.

सोमवार, २४ मार्च

दवाखान्याच्या बाकावर लिहितो आहे.

ही एकटीच आत गेली. मला येऊ दिलं नाही. म्हणाली, तुम्ही डॉक्टरीणबाईंच्या आधी शेवट सांगाल. पुस्तक माझ्या हातात दिलं आणि पदर सावरून गेली. परीक्षेला जावं तशी.

वर्तमानपत्राचं कव्हर. तिकीट त्याच पानावर. सवयीने बोटं शेवटच्या पानाकडे वळली. आवरली. पहिल्या पानावर गेलो. बागेत एक माणूस मरून पडला आहे. का पडला, कुणामुळे, काही ठाऊक नाही. लोक या अवस्थेत तीनशे पानं काढतात! आणि वर त्याला करमणूक म्हणतात!

दार अजून बंद आहे.

सोमवारच, थोड्या वेळाने

दार उघडलं. उंबऱ्यातूनच म्हणाली, “शेवट आधी सांगते. साधी गाठ आहे, काही नाही. आता सरका तिकडे, गोष्ट ऐका.”

ऐकली. शेवट ठाऊक असूनही पहिल्या वाक्यापासून डोळे वाहत होते. सिद्धान्त सिद्ध.