उंबऱ्यातली मेथी

विक्रोळी, ४ डिसेंबर

चि. शुभास जानकीताईचे आशीर्वाद.

नावाआधी गं. भा. लिहायचं म्हणतात. मी लिहिणार नाही. तू माझी धाकटी बहीण, बस.

फोन उचलत नाहीस म्हणून तुझ्या लेकाच्या हाती चिठ्ठी. सौरभचं ऑफिस इथेच आहे, पोचवेल. तो सांगत होता, आई जेवत नाही, झोपत नाही, दिवसभर खिडकीशी बसते. श्यामकांत जाऊन सहा महिने झाले गो. रड, पण दार लावून कशाला? चाळीत असतीस तर एव्हाना चार बायकांनी ओढून बाहेर काढली असती. तिकडे मुलुंडात सतरा मजले आणि शेजारीण एक नाही?

ऐक. दार सताड उघड, उंबऱ्यात बस आणि मेथी निवड. आपल्याकडे जुडी सुटायच्या आधी कोणीतरी येऊन टेकतं. तिकडच्याही बायकाच ना? अक्षर वाईट आहे, चौथीत शाळा सुटली त्याला मी काय करू.

रागावलेली, पण तुझीच
जानकीताई

मुलुंड, ७ डिसेंबर

ती. ताईस शि. सा. न.

इथे सकाळी धुकं येतं आणि खालचा रस्ता नाहीसा होतो. मग वाटतं, घर सुटून हळूहळू कुठेतरी चाललंय आणि मी न हलता त्यात बसलेय. कधी वाटतं, हे आतल्या खोलीत पेपर उलगडताहेत. जाऊन बघितलं की पडदा हलत असतो.

तुझं ऐकलं आणि वाट लागली. उंबऱ्यात बसले, तर समोरच्या शर्मिष्ठाबाईंना वाटलं, कुलूप बिघडलंय म्हणून मी राखण करतेय. त्यांनी चावीवालाच बोलावला. मला खरं सांगायची लाज वाटली. त्याने चांगलं कुलूप खोललं, तेल घातलं, परत बसवलं. मग राहवेना. म्हटलं, कुलूप धड आहे हो, कोणीतरी यावं म्हणून बसले होते.

त्यांनी चपला काढल्या. मग समोर फरशीवर बसल्या नि जुडी ओढून घेतली. म्हणाल्या, वर्षभर तुमचं बंद दार बघून वाटायचं, यांना कोणी आलेलं आवडत नसेल. मेथी निवडता येत नाही त्यांना, देठंच ठेवतात. पण तासभर बसल्या.

झोप मात्र नाहीच.

तुझी
शुभा

विक्रोळी, ९ डिसेंबर

चि. शुभास आशीर्वाद.

चावीवाल्याचं ऐकून इथल्या बायका हसून लोळल्या. हो, मोठ्याने वाचून दाखवलं. त्यात काय लपवायचंय?

झोपेचं मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. सहा महिने झोप नाही म्हणजे दुखणं आहे. डॉक्टरला दाखव, मनाच्या. वेडी म्हणणाऱ्याचं तोंड मी बघते. माझा मेला गुडघा जिना उतरू देत नाही, नाहीतर मीच आले असते. एकटी जाऊ नकोस. त्या बाईंना विचार. मागायला शिक जरा!

विचारलंस तरच माझा लोभ, नाहीतर नाही.

जानकीताई

मुलुंड, १५ डिसेंबर

ती. ताईस शि. सा. न.

विचारलं. दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परतले, तिसऱ्यांदा बेल वाजवली. त्या पर्स घेऊन लगेच निघाल्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दिवसा घरी सोबत कोण असतं? शर्मिष्ठाबाई म्हणाल्या, मी असते ना.

औषध सुरू केलंय, वेळ लागेल म्हणाल्या.

काल दुपारी त्यांच्याकडे पाचव्या मजल्यावरच्या दोघी आल्या होत्या. मटार सोलणं चाललं होतं, लिफ्टवरून वाद चालले होते. मी सोफ्याच्या कोपऱ्यात. बोलणं लांब लांब जाऊ लागलं, पाण्याखालून ऐकू यावं तसं. मी त्यात उतरत गेले. भीती वाटली नाही.

डोळे उघडले तेव्हा दिवेलागण झाली होती. अंगावर कोणाची तरी शाल. त्या तिथेच होत्या, अजून लिफ्टवरूनच भांडत होत्या. कोणी आवाज बारीक केला नव्हता. ताई, मी चार तास झोपले.

तुझा जीव माझ्यावर असाच राहू दे.

शुभा