पहिल्या रांगेतली खुर्ची

तीर्थरूप कासिल्दाआत्यास, तोरेमाराहून भाचा हिलारिओचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे, तुझ्या कोंबड्या आणि गळकं छप्पर कसं आहे ते याच क्रमाने कळव. आम्ही ठीक आहोत. मला खोकला झाला होता, पण तो मर्सेला आवडेना म्हणून गेला. (मर्से अजूनही मला नवरा मानते.)

जुलैत तू आठवडाभर राहायला आलीस आणि तिसऱ्याच दिवशी दुपारच्या गाडीने निघून गेलीस. बदामांना पाणी द्यायचंय म्हणालीस. आत्या, तुझे बदाम पावसावर वाढतात हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. म्हणून हे पत्र.

आधी आम्हा तोरेमाराकरांची बाजू ऐक. आठवड्याचे पाच दिवस आम्ही सहा चाळीसच्या गाडीने बार्सिलोनाला जातो. मी तिथे न्हाणीघराच्या फरशा विकतो. समुद्र दिसतो तो गाडीच्या खिडकीतून, तोही डोळे मिटलेले असताना. शनिवार-रविवारी आम्ही घरी असतो, तर त्याच गाडीने अख्खं बार्सिलोना टॉवेल घेऊन आमच्याकडे उतरतं. मग गावकऱ्याला एकच हक्क उरतो. पहाटे पाचला उठायचं, पाण्यालगत आपली छत्री रोवायची, खुर्च्या मांडायच्या आणि घरी येऊन पुन्हा झोपायचं. (पालिकेने याला बंदी घातल्यापासून आम्ही साडेचारला उठतो.) पहिल्या रांगेत कुणी बसायचं ते रेमेईबाई ठरवते. ती निवृत्त सुईण आहे, आणि अर्धी पहिली रांग तिच्याच हातून जन्माला आली आहे, त्यामुळे वाद घालायची सोय नाही. माझ्यासारख्या उपऱ्याला चौथ्या रांगेतून पहिलीत यायला अकरा वर्षं लागली. तुझा इथला तिसरा दिवस म्हणजे माझा तिथला पहिलाच शनिवार होता.

सहाला तू फिरायला गेलीस. समोर त्रेचाळीस छत्र्या आणि माणूस एकही नाही. तुझ्या गावात शेतावर कुणाचं खोरं, कुणाची टोपली राहिली तर पहाटे जो पहिला उठेल तो ती गोळा करून चर्चच्या ओसरीत ठेवतो. तू तेच केलंस. सगळ्या छत्र्या उपटून मिटल्यास, मेंढ्या बांधायची ती तुझी गाठ प्रत्येकीला मारलीस, खुर्च्यांच्या घड्या केल्यास, सगळं भिंतीशी उंचीप्रमाणे लावलंस आणि कुणी पळवू नये म्हणून राखण करत बसलीस. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी! (मला एक छत्री मिटायला मर्से लागते.)

नऊला गाव खाली उतरलं, तेव्हा मोकळ्या वाळूवर बार्सिलोनाचे टॉवेल पसरले होते. रेमेईबाईचा आवाज स्टेशनपर्यंत गेला. तू मला पाहून हात हलवलास. पुढे गोंधळात कोण काय बोललं, ते मला नीट आठवत नाही.

असो. बदाम तोडून झाले की सवडीने दोन ओळी लिही.

तुझा,
हिलारिओ

ता. क. : आठवतं. रेमेईबाईने विचारलं, "हिलारिओ, तुझ्याकडची का रे ही?" आणि मी म्हणालो, "नाही बाई, मी ओळखत नाही हिला." तू चार पावलांवर होतीस. त्या दुपारी तू मला नेहमीसारखं वाढलंस आणि बदामांना पाणी द्यायला निघालीस. आई गेल्यावर जिने मला वाढवलं, तिला मी वाळूच्या दोन हात तुकड्यासाठी नाकारलं. माझं चुकलं, आत्या. फार लाज वाटते.

ता. क. दुसरा : गेल्या शनिवारी पहाटे मी आमच्या स्वयंपाकघरातली खुर्ची, तू बसायचीस ती, पहिल्या रांगेत माझ्या खुर्चीशेजारी मांडली. रेमेईबाईने विचारलं, कुणाची? मी सगळ्यांसमोर सांगितलं, "माझ्या आत्याची. छत्र्या मिटणारी तीच." बाई म्हणाली, "चौथ्या रांगेत जा." तेव्हा आता आपण दोघं चौथ्या रांगेत आहोत. तिथून समुद्र दिसत नाही, पण गावातल्या सगळ्यांच्या पाठी ओळखीच्या होतात.

ता. क. तिसरा : बाकीच्यांच्या गाठी त्याच दिवशी कशाबशा सुटल्या. रेमेईबाईच्या छत्रीची अजून सुटलेली नाही. सगळा उन्हाळा ती उन्हात बसते आहे. काल मी कात्री घेऊन गेलो, तर माझ्या हातावर चापट मारून म्हणाली, "खबरदार. जिने बांधली तिला बोलाव, आणि तिची खुर्ची इकडे माझ्याजवळ आण. तू तिथेच बस." शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीला मी स्टेशनवर उभा आहे.